आजींच्या हाताला काम हवं



कैरीचं लोणचं, चांदीची भांडी, मुलांचा अभ्यास असल्या विषयांवर आपण या पानावर नेहमीच बोलतो. आजचा विषय जरा वेगळा, पण तोही घरातलाच. एका भगिनीचं पत्र आलंय. सासूबाई पंचाहत्तर वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचं निदान केलं, औषधं चालू आहेत. पण दिवसभर त्या घरात येरझारा घालतात, कपाटातल्या साड्यांच्या घड्या मोडतात, पुन्हा कशातरी कोंबतात आणि तासातासाला विचारतात, "मी काय करू गं?" त्यांना गुंतवून ठेवता येईल अशी काही हस्तकला सुचवा, असं या भगिनीनं लिहिलंय.

पत्र वाचलं आणि माझं मन त्या "मी काय करू गं?" पाशीच अडकलं. ज्या बाईनं पन्नास वर्षं पहाटेपासून रात्रीपर्यंत घर चालवलं, तिचा हा प्रश्न आहे. वेळ कसा घालवू, असं त्या विचारत नाहीयेत. माझ्या वाटणीचं काम कुठं गेलं, असं विचारताहेत. म्हणून आज हस्तकला तर सांगणारच आहे, पण ती निवडायची कशी, हे आधी सांगते.

डोकं आणि हात

स्मृतिभ्रंश म्हणजे नुसतं म्हातारपण नव्हे, तो मेंदूचा आजार आहे. तो घरोघरी किती पसरलाय याची आपल्याला कल्पना नसते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांमागे सातांहून अधिक, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असावा असा अंदाज आहे. त्यात पुरुषांपेक्षा बायकांचं प्रमाण जास्त. अल्झायमर हा त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार.

या आजारात सकाळी काय जेवलो, काल कोण आलं होतं, या आठवणी आधी पुसट होतात, कारण नव्या घटना साठवणारा मेंदूचा भाग सहसा लवकर बिघडतो. पण हातांची सवय, म्हणजे पोळी लाटणं, गाठ मारणं, सुपात धान्य पाखडणं, ही मेंदूच्या वेगळ्या भागांत मुरलेली असते आणि पुष्कळदा ती बराच काळ टिकते.

याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. अमेरिकेतल्या हेन्री मोलायसन नावाच्या तरुणावर फिट्‌ससाठी १९५३ साली मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर नवी कोणतीही गोष्ट त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेनं त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात चांगला बसला. पण हे काम आपण काल केलंय, हे मात्र त्याला दर वेळी नव्यानं सांगावं लागे! त्याला स्मृतिभ्रंश नव्हता, ही गोष्ट खरी. पण डोक्याची आठवण वेगळी आणि हाताची वेगळी, हे त्याच्यामुळे लख्ख कळलं.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. हस्तव्यवसायाचा तासही माझ्याकडे असतो. तिथं मुलांच्या हाताला मी नवीन काहीतरी शिकवत असते. घरातल्या आजींच्या बाबतीत याच्या अगदी उलट. त्यांना नवं शिकवायला जायचंच नाही. त्यांच्या हाताला आधीपासून काय येतं, ते शोधायचं. बाजारात मिळणारी रंगाची पुस्तकं, मणी ओवायचे प्लास्टिकचे संच आणून पुढे ठेवले तर पुष्कळ वृद्धांना अपमान वाटतो, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. ज्या हातांनी रुखवताची ताटं सजवली, त्यांना बालवाडीतलं काम कसं रुचेल?

वाकड्या वाती

माझ्या आतेसासूबाई शेवटची चार वर्षं आमच्याकडे होत्या. एके काळी आमच्या नात्यात लग्न ठरलं की गव्हले वळायला आधी त्यांना बोलावणं जायचं. त्यांचा गव्हला तांदळाच्या दाण्यासारखा बारीक आणि एकसारखा. आमच्याकडे आल्या तेव्हा लग्न कुणाचं झालं, कुणाचं व्हायचंय, याचा त्यांच्या मनात गोंधळ होता. पण दुधात भिजवलेल्या रव्याची गोळी हातात दिली की बोटं आपोआप चालायला लागायची.

गव्हले काही रोज लागत नाहीत. म्हणून कापूस आणला. मी सरकी काढून पेळू करून द्यायची, त्या वाती वळायच्या. पूर्वी चातुर्मासात त्यांनी लाख वातींचा नेम केला होता, त्यामुळे या कामाला शेवट आहे असं त्यांना वाटतच नसे. दिवेलागणीला त्यांचा जीव कासावीस होई. "मला घरी जायचंय" म्हणत दारापाशी उभ्या राहत. त्या वेळी देवापुढे त्यांचीच वात लावायची, असं आम्ही ठरवलं. वात पेटली की त्या पाटावर बसून तिच्याकडे बघत राहायच्या. रोज नाही, पण बऱ्याच संध्याकाळी दाराकडे जाणं टळायचं.

एकदा एक पाहुण्या आल्या. डबा उघडून हसत म्हणाल्या, "अगंबाई, या किती वाकड्या! जळायच्या तरी का?" आणि बोलता बोलता दोन वाती उकलून नीट वळूनही ठेवल्या. मनात वाईट काही नव्हतं हो त्यांच्या. पण आतेसासूबाईंनी हात पदराखाली घेतले. पाहुण्या कोण, काय म्हणाल्या, हे त्या दहा मिनिटांत विसरल्या. मात्र पुढचे चार दिवस त्यांनी कापसाला हात लावला नाही.

हे मी मुद्दाम सांगतेय. प्रसंग विसरला जातो, प्रसंगातलं दुःख मात्र मागे राहतं, असं मी डोळ्यांनी पाहिलं. "त्यांना कुठं काही कळतंय?" असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पाचव्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसून स्वतःच्या वाती वळायला घेतल्या, काही बोलले नाही. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या हातातला कापूस काढून घेतला आणि म्हणाल्या, "असं नव्हे, बोटाला राख लाव." मग पुन्हा डबा भरू लागला.

काय काय देता येईल?

आता कामं सांगते. यातलं जे त्या व्यक्तीनं पूर्वी केलेलं असेल, तेच आधी घ्या.

निवडणं-सोलणं : मटार, वालपापडी, मेथी, भिजवून सैल केलेला लसूण. घरचं संपलं तर शेजारणीचं आणा. आमच्या मजल्यावरचे मटार हिवाळाभर आमच्याकडेच यायचे! काही जणी निवडलेली डाळ पुन्हा मिसळून देतात. अडीनडीला ठीक आहे, पण त्यांच्यादेखत कधीच करू नका. खरं काम मिळत असेल तर खोटं कशाला द्यायचं?

घड्या घालणं : पत्र लिहिणाऱ्या भगिनींना माझं पहिलं उत्तर हेच. सासूबाई साड्यांच्या घड्या मोडतात ना? मग घड्याच द्या. रोज धुतलेले टॉवेल, पंचे, उशांचे अभ्रे यांची टोपली त्यांच्यापुढे ठेवा. घडी वाकडी झाली तरी तशीच कपाटात ठेवा.

रांगोळी : खाली बसून उठणं अवघड जातं, म्हणून टेबलावर काळी पाटी किंवा गडद रंगाचा पाट घ्या. रांगोळीच्या पुडीऐवजी तांदळाची पिठी घ्या, हात तोंडात गेला तर भीती नको. ठिपके तुम्ही काढा, पहिल्या दोन रेघा तुम्ही जोडा आणि थांबा. पुढचं बहुधा त्या करतील.

फुलं आणि कापूस : शेवंती, झेंडू यांचे देठ खुडणं, दूर्वांच्या जुड्या बांधणं, कापसाची वस्त्रं करणं. हार ओवायचा तर लोकरकामाची बोथट टोकाची मोठी सुई आणि जाड दोरा द्या. एकवीस दूर्वा मोजायला जमत नसेल तर मोजायला लावू नका, नुसती जुडी बांधू द्या.

गोधडी : जुन्या मऊ साड्यांचे चौकोन कापून ठेवा. कोणता रंग कोणाशेजारी शोभेल, हे त्यांना ठरवू द्या. धावदोरा घालता आला तर उत्तमच, नाही तर शिवण तुमची आणि मांडणी त्यांची. गोधडी दोघींची होईल.

पाकिटं : लग्नसराईत घरात पत्रिकांचा ढीग जमतो. त्यातली गणपतीची चित्रं, वेलबुट्टी कापून आहेराच्या पाकिटांवर चिकटवायची. कात्री तुम्ही चालवा. गोंदाऐवजी मैद्याची खळ करा.

चित्रांची वही : जुने फोटो मोठे करून घ्या आणि प्रत्येकाखाली ठळक अक्षरात नाव, गाव, प्रसंग लिहा. चिकटवायचं काम नातवंडांबरोबर होऊ द्या.

आजोबांसाठी : आजोबा म्हणजे नुसतं वर्तमानपत्र, असं का समजायचं? कारखान्यात काम केलेल्यांना मोठे नट-बोल्ट जुळवायला द्या. टपालखात्यात होते त्यांना जुनी पत्रं, पाकिटं गावांप्रमाणे लावू द्या. हिशेबनीस होते त्यांच्यापुढे रेघांची वही आणि पेन ठेवा. शिंपीकाम करणाऱ्यांच्या हातात टेप आणि कापड द्या. आणि कुंडीत मेथी पेरणं सगळ्यांनाच जमतं. चार-सहा दिवसांत हिरवं दिसायला लागतं, वाट पाहावी लागत नाही.

गाणं : काम चालू असताना ओवी, भजन, आरती, जुनं भावगीत, जे त्यांच्या ओठांवर असेल ते म्हणा. नाव आठवत नसलेल्या माणसांना अख्खी आरती चालीवर म्हणताना मी ऐकलंय.

बसवायचं कसं?

वेळ सकाळची, अंघोळ-न्याहारी झाल्यानंतरची घ्यावी. तेव्हा मन ताजं असतं. पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. आधी चष्मा पुसून द्या, कानातलं यंत्र लावलंय ना ते बघा. टीव्ही बंद करा.

या आजारात फिके रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसू शकतात. पांढरा कापूस स्टीलच्या ताटलीत ठेवला तर तो दिसतच नाही आणि आपण म्हणतो, "समोर तर आहे!" खाली गडद निळं किंवा मरून कापड घाला. समोर एका वेळी एकच वस्तू ठेवा.

तोंडी सूचना कमी करा. शेजारी बसून आपण करायला लागावं, म्हणजे त्यांचा हात चालू होतो. सगळं काम जमत नसेल तर त्याचे तुकडे पाडा : पेळू मी ओढते, वळा तुम्ही. "काय करायचं?" असं मोकळं विचारू नका, त्यानं गोंधळ वाढतो. "मेथी निवडू या की मटार?" असं दोनांतलं एक विचारावं.

सगळ्यात महत्त्वाचं, परीक्षा घेऊ नका. फोटो दाखवून "ही कोण, ओळखा पाहू!" हा प्रश्न आपल्याला सहज सुचतो, पण त्यांना तो फळ्यापुढे उभं केल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा आपणच म्हणावं, "ही तुमची धाकटी बहीण, नागपूरला असते." मग बोलायचं तर त्या बोलतील. "शाब्बास, शहाणं बाळ!" असलं कौतुकही नको. "तुमच्यामुळे माझं काम हलकं झालं," एवढं म्हणावं. आणि ते खरंही असतं.

नको म्हणाल्या तर ओढाताण न करता उचलून ठेवा. तासाभरानं पुन्हा विचारा.

जपायचं काय, तेही सांगते. सुया, कात्र्या, विळी, अडकित्ता डोळ्यांआड ठेवा. सुटे मणी, बटणं, चिंचोके तोंडात जाऊ शकतात. काम चालू असताना कुणीतरी जवळ असावंच.

नीटनेटकं झालं पाहिजे का?

आपल्या बायकांच्या अंगात टापटीप मुरलेली असते, त्यामुळे हा प्रश्न येणारच. लंडनमध्ये राहणारे विल्यम उटरमोलन हे चित्रकार होते. १९९५ साली त्यांना अल्झायमरचं निदान झालं. त्यानंतर काही वर्षं ते स्वतःचीच चित्रं काढत राहिले. पहिल्या चित्रांत चेहरा ओळखू येतो, पुढे रेषा सैल होत जातात, शेवटी चेहऱ्याची नुसती चाहूल उरते. २००७ साली ते गेले. पण ती चित्रं आजही डॉक्टर आणि रसिक दोघंही पाहतात, कारण आतून हा आजार कसा दिसत असेल याची थोडी कल्पना त्यांतून येते. मोडकी रेघसुद्धा काहीतरी सांगत असते. मग वाकड्या वातीनं आपलं काय बिघडतं?

जे होणार नाही, तेही सांगायला हवं

हस्तकलेनं स्मृतिभ्रंश बरा होत नाही. गेलेली आठवण परत येत नाही. असं आश्वासन कुणी पैसे घेऊन देत असेल तर चार हात दूर राहा. मात्र गटानं बसून गप्पा, खेळ, चित्रं, वस्तू हाताळणं अशा ठरवून घेतलेल्या बैठकांचा काहीसा उपयोग होतो, असं दिसून आलंय. इंग्लंडमध्ये अशी एक पद्धत आहे : सात आठवडे, आठवड्यातून दोनदा, पाऊणएक तास, अशा चौदा बैठका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या चाचणीत सौम्य ते मध्यम आजार असलेल्यांच्या विचारशक्तीत आणि रोजच्या समाधानात थोडी सुधारणा दिसली. थोडी, पण दिसली.

सगळ्यांचं सारखंही नसतं. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत हात थरथरतात, किंवा कामाचा क्रमच लवकर तुटतो. आजार वाढला की वात वळणंही थांबतं. तेव्हा उरतो तो स्पर्श. गोधडीच्या एका तुकड्यावर मखमल, काठपदराची जर, नाडी आणि पक्कं शिवलेलं मोठं बटण लावून मांडीवर द्या. अस्वस्थ बोटांना विसावा मिळतो. परदेशात यासाठी लोकरीचे खास मफ विणतात. आपल्याकडे आजीच्याच जुन्या लुगड्याचा तुकडा घ्यावा. तेलाचा हात, सोनचाफ्याचा वास, हेही त्यातच आलं.

आणि एक काळजीची गोष्ट. विसरणं सुरू झालं की "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा दोष, नैराश्य, काही औषधं यांमुळेही विस्मरण होतं आणि त्यावर उपाय असतात. एक-दोन दिवसांत अचानक फार गोंधळ वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि तुम्ही?

हे सगळं वाचून एखादी म्हणेल, "बाई गं, माझ्या डोक्यावर आणखी एक काम!" तुमचं म्हणणं खरं आहे. रात्री चार वेळा उठणारीला सकाळी रांगोळीचे ठिपके काढायचा उत्साह कुठून येणार? म्हणून वेगळा वेळ काढू नका. तुम्ही भाजी निवडता, तेव्हाच त्यांच्यापुढे एक ताट ठेवा. आणि हे काम सुनेनंच करायचं असं कुठं लिहिलंय? मुलानं रविवारी आईबरोबर मटार सोलले तर बिघडत नाही. नातवंडं खळ लावतील, शेजारच्या आजी तासभर येऊन बसतील. ज्येष्ठांसाठी १४५६७ या क्रमांकाची राष्ट्रीय हेल्पलाईन २०२१ साली सुरू झाली, तिथंही माहिती विचारता येते. आणि ज्या दिवशी तुमच्यानं काहीच होणार नाही, त्या दिवशी नुसता हात हातात घेऊन बसा. तेवढंही चालतं.

आतेसासूबाई शेवटी माझं नाव विसरल्या. मला "ताई" म्हणायच्या. पण वातींचा डबा भरला की माझ्या हातात देऊन विचारायच्या, "पुरतील ना गं?" त्यांच्यापाशी घराला देण्यासारखं अजून काहीतरी होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

तुमच्या घरात अशी आजी, आजोबा, आई, मामा असतील तर त्यांच्या हाताला काय काय येतं, याची एक यादी करा. नातेवाइकांना फोन करून विचारा, आपल्याला माहीत नसलेल्या कितीतरी गोष्टी कळतात. त्यातलं कोणतं काम जमलं, कोणतं नाही, ते मला जरूर लिहून कळवा. न जमलेलं आधी कळवा, म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी खटपट वाचेल. निवडक पत्रं पुढच्या एखाद्या अंकात देईन.